लेकीच्या हातचं कालवण

माझी बायको गेली तेव्हा मला घरातलं एकच काम येत होतं, चहा. आणि तोही तिच्या मते चहा नव्हता. अबू धाबीजवळ, मोहम्मद बिन झायद सिटीत, एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. आम्ही म्हणजे आता मी आणि माझी पाचवीतली मुलगी. मी मूळचा पुण्याचा. मुसफ्फातल्या एका फॅक्टरीत परचेस बघतो. तांब्याच्या तारेपासून स्क्रूपर्यंत कुठली वस्तू कुणाकडे चांगली मिळते हे मी झोपेतही सांगेन. आपल्याच घरात गूळ कुठल्या डब्यात असतो हे मात्र मला शोधावं लागलं. आणि सापडला तेव्हा त्याला मुंग्या लागलेल्या होत्या.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी तिचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळपर्यंत ती कुणाला ओळखेनाशी झाली. डॉक्टरांनी मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल बरंच समजावून सांगितलं. मी मान हलवत होतो, पण त्यातलं काहीही आत शिरत नव्हतं. तिचा देह मी तिच्या गावी नेला. तिची आई तिथे एकटी राहते आणि लेकीचं तोंड तिला दाखवायला हवं होतं.

हे गाव पार दक्षिणेला, तळकोकणात, गोव्याच्या हद्दीला चिकटून आहे. घर साधंच, पुढे अंगण, मागे पडवीत चूल. दिवसपाणी उरकल्यावर सासूबाईंनी मला त्या पडवीत बसवलं आणि सरळ विषयाला हात घातला.

"पुरुष माणसाच्यान आवशीबगर चेडू वाढवूक जावचा नाय," त्या म्हणाल्या. "चेडवाक हय ठेवा."

आवस म्हणजे आई आणि चेडू म्हणजे मुलगी, एवढं मालवणी मला लग्नानंतर येऊ लागलं होतं. आईशिवाय मुलगी वाढवणं पुरुषाला जमणार नाही, तेव्हा तिला इथे ठेवा. मला राग आला. राग यायचं खरं कारण असं की त्या म्हणत होत्या ते मला पटत होतं. मी म्हटलं, शाळा मध्येच कशी सोडायची? त्या म्हणाल्या, बरं, मग जुलैत सुट्टी लागेल तेव्हा घेऊन या. तोवर तुमचं घर मार्गी लागलं तर बघू, नाहीतर ती इथल्या शाळेत जाईल. बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. अंगणात माझी मुलगी एका मांजरीशी इंग्रजीत बोलत होती, तिकडे बघत होत्या. त्यांची एकुलती एक लेक गेली होती आणि तिच्यातलं जे काही उरलं होतं ते अंगणात उभं होतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माझ्याकडे तरी दुसरं काय उरलं होतं?

परत आल्यावर मी पहिला आठवडा बाहेरून जेवण मागवलं. दुसऱ्या आठवड्यात मुलीने डबा तसाच परत आणला. मग मी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि म्हटलं, मला शिकवा. जुलैपर्यंत हे घर चालवून दाखवायचं मी ठरवलं होतं, आणि ज्या बाईला दाखवायचं तिच्याकडूनच शिकायचं होतं. पुढे कधीतरी ऑफिसात कुणीतरी मला म्हणालं की हे म्हणजे परीक्षकाकडेच क्लास लावण्यासारखं झालं. मी हसलो, पण तसंच होतं.

मी ऑफिसातून यायचो तेव्हा तिकडे दिवेलागण होऊन गेलेली असायची. शेजारची सून त्यांना फोन लावून भिंतीला टेकवून द्यायची आणि आपल्या घरी निघून जायची. सुरुवातीला कितीतरी दिवस मला फक्त कौलं आणि एक वासा दिसायचा आणि खालून कुठूनतरी आवाज यायचा. कांदा असा नको, उभा चिरा. गॅस बारीक करा. त्यांना माझा कांदा दिसायचा, मला त्या दिसायच्या नाहीत. पुढे फोन जरा खाली आला आणि मला त्यांचे हात दिसायला लागले. चेहरा त्या मुद्दाम बाजूला ठेवत असाव्यात, आणि ते माझ्याही सोयीचं होतं. आम्ही तिच्याबद्दल एक शब्द बोलत नव्हतो. मिठाबद्दल बोलायचो.

त्यांनी मला स्वयंपाकच नाही, घर राखायला शिकवलं. त्यांच्या गावात घर राखतात तसंच. रात्रीचा उरलेला भात टाकायचा नाही. नारळ फोडला की पाणी आधी पोराला द्यायचं. ओला फडका ओट्यावर तसाच ठेवला तर घर कुबटतं, म्हणून तो झटकून वाळत घालायचा. इथल्या उन्हात तो चहा होईपर्यंत वाळून कडक व्हायचा. हे त्यांना सांगितलं तर त्या हळहळल्या. एवढं ऊन आणि तुम्ही काहीच वाळवत नाही? मी म्हटलं, आई, बाल्कनीत काही घातलं तर त्यावर वाळूच बसेल. सकाळी उकड्या तांदळाची पेज करायची असंही ठरलं. तांदूळ केरळवाल्यांच्या दुकानात मिळाला. मुलीने पेजेकडे एकदा बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा, इज समबडी सिक?" पण खाल्ली. माझ्यावर दया म्हणून खाल्ली असणार.

ती तक्रार करत नव्हती, आणि हेच मला समजत नव्हतं. आई होती तेव्हा ती भेंडीवरून भांडण काढायची, दूध सांडून ठेवायची, दोघी एकमेकींवर ओरडायच्या आणि मी बाहेरच्या खोलीतून "अरे यल्ला, आवरा आता" म्हणायचो. आता मी वाढेन ते ती गप खायची, थोडंसं खायची, आणि ताट स्वतः धुऊन ठेवायची. एवढी शहाणी मुलगी बघून कुणाही बापाला रडू यावं. मार्चपर्यंत तिच्या शाळेच्या युनिफॉर्मची कंबर सैल झाली. सासूबाईंनी तेही फोनवर हेरलं. चेडू सुकलं, त्या म्हणाल्या. मला जुलै दिसायला लागला.

म्हणून मी माशाच्या मागे लागलो.

माझी बायको माशाचं कालवण करायची आणि त्या दिवशी आमच्या घरात शांतता असायची. मुलगी बोटं चाटत जेवायची. मी देशावरचा माणूस, लग्नाआधी मासा फक्त मत्स्यालयात बघितलेला. पण हे कालवण खाऊन खाऊन मी स्वतःला जाणकार समजायला लागलो होतो. ऑफिसातल्या मित्रांना जेवायला बोलवायचो आणि सांगायचो, हे हॉटेलातलं मालवणी नाही, हे असली आहे, थेट गावचं. ती तेव्हा किचनच्या दारात उभी राहून हसायची. मला वाटायचं, कौतुकाने हसते आहे.

तेच कालवण मला करायचं होतं. ते जमलं की मुलगी जेवेल, जेवली की भरेल आणि भरली की तिच्या आजीला म्हणायला काही राहणार नाही, असा माझा हिशेब होता. सासूबाईंना मी तसं स्पष्ट म्हटलं नाही. पण त्यांनी त्यांची सगळी विद्या पणाला लावली हे खरं. वाटप कसं करायचं, ओलं खोबरं किती, मिरच्या आधी भिजवायच्या, धणे भाजायचे की नाही. मासा घातल्यावर डाव घालायचा नाही, टोप हलवायचा. बांगड्याला तिरफळ हवं. ते मिळेना, तेव्हा गावाहून परतणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर त्यांनी तिरफळं आणि आंबटासाठी घरची सोलं, म्हणजे आमसुलं, पाठवली. त्यांच्या मागच्या दारच्या रातांब्यांची, उन्हात त्यांनी स्वतः वाळवलेली. पिशवी उघडल्यावर सगळ्या किचनला वास आला. मी ती सोलं उगाच थोडा वेळ हातात धरून उभा राहिलो.

आधीची दोन-चार कालवणं बिघडली. एकदा खोबरं फुटलं, एकदा मासाच विरघळला. सासूबाई कधी हसल्या नाहीत. फक्त म्हणायच्या, उद्या परत. आणि मग जूनमधल्या एका शनिवारी ते जमलं. मासेवाल्याने बांगडे स्वतः निवडून दिले होते. रंग अगदी त्यांनी सांगितला तसा आला. मी फोन टोपाजवळ नेला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आता असं झालं. पहिल्यांदाच त्यांनी फोन वर उचलला आणि मला त्यांचा चेहरा दिसला. केवढ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या त्या. फोन तसाच चालू ठेवा, म्हणाल्या. ती जेवताना त्यांना बघायचं होतं.

मुलगी टेबलावर बसली. मी तिला भात वाढला, वर कालवण घातलं. तिने एक घास खाल्ला. मग दुसरा. मग ती रडायला लागली.

तिची आई गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. मला वाटलं, चव बरोबर लागली, आई आठवली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. तिने मान हलवली.

"इट्स नॉट आईज," ती म्हणाली. "बाबा, यू नेव्हर मेक आईज."

मी म्हटलं, अगं हेच, आईचंच आहे. आजीनेच आईला शिकवलं ना. तिने पुन्हा मान हलवली. फोनवरून सासूबाई विचारत होत्या, काय म्हणते, काय झालं? मी सांगितलं, तिला हे आईसारखं लागत नाही. मग त्या जरा फणकाऱ्याने म्हणाल्या, तिची आई माझ्याच चुलीशी शिकली, दुसरं कुठून आणणार होती?

मुलगी उठली. खुर्ची ओढून ओट्याच्या वरच्या कपाटापर्यंत चढली आणि मागच्या ओळीतली एक बरणी काढून घेऊन आली. बरणीत काळीकुट्ट, वाळलेली, खेळायच्या गोट्यांपेक्षा थोडी मोठी अशी फळं होती. लूमी. वाळवलेलं लिंबू. इथले लोक मटणात, भातात घालतात. दुकानात मी ते हजारदा बघितलं होतं. आपल्याही घरात आहे हे मला माहीत नव्हतं. बायको ते कालवणात घालायची हेही माहीत नव्हतं, आणि मी ते इतकी वर्षं खात होतो.

मग मुलगी बोलायला लागली. इतक्या महिन्यांत ती एवढं बोलली नव्हती. आई सोलं घालतच नव्हती. आई हे घालायची, याला काट्याने भोकं पाडून. नारळ वाटायची नाही, डब्यातलं नारळाचं दूध ओतायची. बांगडा नाही, इथला शेरी मासा. तिरफळ तर मुलीने आज पहिल्यांदा तोंडात घातलं होतं आणि तिची जीभ झोंबत होती. मी विचारलं, आईने हे कधी सुरू केलं? ती म्हणाली, खोर फक्कानमध्ये. तुला माहीत नाही?

लग्नानंतर माझी पहिली नोकरी खोर फक्कानला होती, बंदरावर. मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती. तरी तिला सगळं माहीत होतं, कारण कालवण ढवळताना आई तिला सांगायची. नवीन लग्न झालं तेव्हा आईने गावाहून आणलेली सोलं संपली. बाबांना सांगितलं तर बाबा म्हणाले, शारजाला गेलो की आणतो. मग रोज आई कोपऱ्यावरच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला हाताने खुणा करून विचारायची, आंबट, आंबट. एक दिवस त्याने हे काळं लिंबू तिच्या हातावर ठेवलं. तिने घरी येऊन घातलं आणि ते आवडलं म्हणून तेच ठेवलं. मग बाबा मित्रांना सांगायचे की हे असली गावचं आहे, तेव्हा आईला खूप हसू यायचं. ती म्हणायची, बाबांना सांगू नकोस.

मी खुर्चीत बसलो. मुलगी आता हसत होती आणि रडत होती, दोन्ही. तिच्या आईच्या गोष्टींचं एक सबंध घर तिच्याजवळ होतं, आणि मी तिला महिनोन् महिने भलतंच काहीतरी वाढत होतो. मला वाईट वाटलं, आणि हेवाही वाटला.

फोनवर सासूबाई तशाच होत्या. मुलीचं इंग्रजी त्यांना कळलं नव्हतं. मी सगळं मराठीतून सांगितलं. बरणी फोनपुढे धरली.

"ह्या काय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, लिंबू. वाळवलेलं. त्या जवळ येऊन बघायला लागल्या, त्यांचा एक डोळाच तेवढा स्क्रीनवर दिसत होता. मला वाटलं आता रागावतील. त्यांच्या सोलांचा, त्यांच्या हाताचा अपमान झाला होता. पण त्यांनी विचारलं, ती हे नेहमीच घालायची? मी म्हटलं, नेहमीच. आणि मला कधी बोलली नाही? मी बरणी ओट्यावर ठेवली.

मग त्याच बोलल्या, सावकाश. लेक दर वर्षी सुट्टीत यायची. माहेरी आलेल्या लेकीला चुलीशी बसू द्यायचं नाही ही तिकडची रीत. वर्षभर सासरी राबते, चार दिवस तिने पाटावर बसून खायचं. ती म्हणायची, आई, एक दिवस मी करते, तू बस. तर या तिला उठवून बाहेर पाठवायच्या. लग्न होऊन गेल्यापासून लेकीने या घरात साधी डाळसुद्धा केली नव्हती. आणि या कधी इकडे आल्या नव्हत्या. गुरं होती, मग नवरा आजारी होता, मग विमानाची भीती होती.

"तिच्या हातचा माका कधी खावक गावलाच नाय," त्या म्हणाल्या.

मला मिळालंच नाही कधी. एवढंच. मी आणि त्या, दोघंही सात महिने तिचा हात शोधत होतो, आणि त्यांना तर तो माहीतच नव्हता. त्या लग्नाआधीच्या लेकीला ओळखत होत्या, त्यांच्या चुलीशी बसलेल्या मुलीला. तिचं पुढे इथे काय झालं, ती कशाला हसायची, आंबट म्हणून काय घालायची, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगू शकलो असतो का? मला बरणीच दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही शेरी आणला. मुलगी सांगत होती आणि मी करत होतो. सासूबाई फोनवर होत्या, पण या वेळी त्यांनी काही शिकवलं नाही. उलट त्याच मला विचारत होत्या, आता काय म्हणते? आता काय घातलं? मुलीला सगळंच आठवत नव्हतं. लिंबू किती वेळ उकळायचं हे तिला ठाऊक नव्हतं. आम्ही जास्त उकळलं आणि कालवणाला शेवटी कडसर चव राहिली. तिने चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाली, ऑलमोस्ट. मग पुन्हा चाखलं. उरलेलं आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, हे तिलाही कळलं असावं. पण तिने ताटभर भात खाल्ला. वर अजून मागितला, आणि काट्यांवरून माझ्याशी भांडली.

फोनमधून सासूबाई तिला जेवताना बघत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी मला हाक मारली. मी फोन घेऊन ओट्याशी गेलो. मला वाटलं, आता जुलैचं काढतील. तिकिटं काढायची होतीच, आणि मी मनात उत्तरं जुळवत होतो.

"सुट्टीत येवा," त्या म्हणाल्या. "पण शाळेक तेका हय घालू नका. तेका थयच ऱ्हवांदे. तेची आवस थयच आसा."

फोन बंद झाला. मुलीला मालवणी फारसं समजत नाही. तिने टेबलावरूनच विचारलं, आजी काय म्हणाली?

मी सांगितलं की आजी म्हणाली, तू इथेच राहायचंस. त्याच्या पुढचं, तुझी आई इथेच आहे, हे मला तिला सांगता आलं नाही. मी नळ सोडला आणि टोप घासायला घेतला.